मध्यान्हीची बाई

आमच्या लाउझित्समध्ये भर दुपारी शेतात थांबू नये म्हणतात.
बाराच्या ठोक्याला ती येते,
अंगभर पांढरं, हातात विळा,
आणि म्हणते, जवसाबद्दल बोल.
एक वाजेपर्यंत बोलत राहायचं.
अडखळलीस, तर मान तिची.

मला थांबावंच लागतं.
बारा ते एक हीच माझी सुगी.
तळ्यावर सोळा हजार काळी पॅनल तरंगतात
आणि त्यांच्यामधल्या डुलत्या फळ्यांवरून मी,
वोर्शा, खाणवाल्या किटोची मुलगी,
कमरेला मीटर अडकवून
पाणपाखरांची शीट पुसत चालते.

तळ्याआधी इथे खाण होती.
खाणीआधी झेल्नित्स,
एकतीस उंबरे, एक चर्च, एक बेकरी.
लोकांना वाटतं, खाली बुडालेलं गाव आहे.
नाही. गाव खरवडून नेलं,
खाली नुसतं खाली आहे.

बाबांचं यंत्र चर्चजवळच्या लिंडनपाशी पोचलं
तेव्हा पाळी त्यांचीच होती.
म्हणतात, रडलो नाही, रात्रपाळी होती, झोप येत होती.
कोळसा उगाळावा तितका काळाच,
हे त्यांना कुणी शिकवायला नको.
पण कुठल्याशा शहरातल्या बाळाचं दूध
त्याच कोळशावर कोमट झालं होतं,
हेही सांगतात,
आणि मग रेडिओ मोठा करतात.

तर काल ती आली.
पाण्यावरून, पावलं न भिजवता.
विळा गंजलेला.
बोल, म्हणाली.

जवस मला कुठून येणार?
मी म्हटलं, हे बघ, हे शेत नांगरावं लागत नाही,
नांगर टाकावा लागतो, तळाशी, चारशे ठिकाणी,
नाहीतर वारा सगळं पीक काठाला नेऊन लावतो.
सकाळी सातला कोंब फुटतो, मीटरवर दोन आकडे,
साडेबाराला कणसं भरतात.
ढग आला की अर्धं शेत एका दमात आडवं
आणि ढग सरला की उभं.
जमेल तुझ्या जवसाला?

मी बोलत राहिले.
तारा, सांधे, एक चावरा बदक,
जानेवारीत काचेवर बसणारा बर्फ,
टेकडीवरच्या पवनचक्क्या रात्रपाळी घेतात ते.
आणि नोव्हेंबरातला तो आठवडा,
ऊन नाही, वाराही नाही,
त्याबद्दल जरा भरभर बोलले.

तिनं तिथेच पकडलं.
त्या आठवड्यात काय जळतं?

अजून कोळसा, मी म्हटलं. थोडा.

आणि ही काच म्हातारी झाली की?
तिच्या पोटातली वाळू कुठल्या गावाखालून काढलीत?
तिथे कुणाची मुलगी उभी आहे,
आत्ता, भर दुपारी?

बारा वाजून अडतीस मिनिटं.
मी गप्प.
मीटरवर आकडे चढतच होते, त्यांना काय त्याचं.
तिनं विळा उचलला नाही.
वाकून पाण्यात बघत राहिली,
जिथे, माझ्या हिशोबानं,
बेकरीची पायरी असायला हवी होती.
मग एक वाजला.

संध्याकाळी बाबांनी बटाटे उकडले,
तळ्याच्याच विजेवर, हे ते मुद्दाम बोलत नाहीत.
ताटात चक्का, कांदा,
वरून जवसाचं तेल, पिवळंधमक.
कडवट झालंय का बघ, म्हणाले.
मी म्हटलं, बाबा, जवसाबद्दल बोला ना.
त्यांनी रेडिओकडे हात नेला,
आणि आवाज कमी केला.

जवस कापत नाहीत, म्हणाले.
उपटतात. मुळासकट.

मग ती विळा कशाला घेऊन फिरते?

ते बराच वेळ बटाटा सोलत राहिले.
तिलाही कुणी सांगितलं नसेल, म्हणाले.